इतिहासाचा नववा भाग

नोकरीच्या आठवणी लिहायला बसलं की लोक आधी पदं सांगतात, मग बढत्या, मग निरोपसमारंभात मिळालेली शाल. माझ्याकडे सांगण्यासारखं पद एकच होतं, सिस्टिम ऑपरेटर, आणि ते ऐकून सासूबाई म्हणायच्या, ‘म्हणजे टेलिफोन ऑपरेटरच ना तू?’ मी चिडायचे. मी तशी पटकन चिडते. आज वाटतं, त्या फारशा चुकत नव्हत्या.

नोएडातल्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत मी बुलेटिन बोर्ड चालवायचे. हा काय प्रकार होता ते आधी सांगते, कारण आजच्या तरुण मंडळींनी तो पाहिलेला असायचं कारण नाही. इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची गोष्ट. एका खोलीत एक कॉम्प्युटर, त्याला चार मोडेम, चार फोन लाइनी, एवढाच संसार. सदस्याने आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर लावायचा, दोन्हीकडचे मोडेम एकमेकांवर किंचाळायचे आणि गडी आत. आत निरोप, गप्पा, कडाक्याची भांडणं आणि फाइली. चार लाइनी म्हणजे एका वेळी चार माणसं. पाचव्याला एंगेज टोन. तो पाचवा मग ऑफिसच्या फोनवर मला झापायचा, ‘मैडम, आधे घंटे से ट्राय कर रहा हूँ!’ जणू मीच तारेवर बसून राहिले होते.

फुकट्यांना आळा बसावा म्हणून सगळ्याच बोर्डांवर एक रिवाज असे. एक फाइल बोर्डावर चढवा, तीन आपल्याकडे उतरवा. तुम्ही काही दिलंच नाही तर तुम्हाला काही मिळणार नाही. मी हा नियम फार कडक पाळायचे. अपवाद फक्त एका कप्प्याला, वसुधाताईंच्या पुस्तकांच्या. ती कुणीही, कितीही उतरवावीत.

वसुधाताई आमच्याच सेक्टरात राहायच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. बँकेची नोकरी लवकर सोडून घरी बसल्या, आणि बसवेना म्हणून ब्रेल शिकल्या. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांत मावतं. कॉम्प्युटरच्या साध्या कीबोर्डवरची सहाच बटणं घ्यायची आणि पेटीवर सूर धरावेत तशी दोन-तीन एकदम दाबायची, की एक अक्षर उमटतं. असं एकेक अक्षर करत त्या शाळेची पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायच्या. आधी नागरिकशास्त्र झालं, मग भूगोल, मग बारावीचा इतिहास, हिंदी माध्यमाचा. एका पुस्तकाला सात-आठ महिने लागायचे. तयार झालेला भाग झिप करून, म्हणजे आवळून लहान करून, त्या माझ्या बोर्डावर चढवायच्या. अंध मुलांसाठी काम करणारी एक संस्था तो उतरवून घ्यायची आणि आपल्या मशीनवर जाड कागदावर उठावाची टिंबं छापायची.

त्या वर्षी इतिहासाचे नऊच्या नऊ भाग पावसाळ्यापर्यंत चढले. नेमकं संस्थेचं छपाईचं मशीन तेव्हाच बिघडलं आणि त्याचा सुटा भाग परदेशातून यायला डिसेंबर उजाडला. तोवर फाइली माझ्याकडे पडून. मध्ये दसऱ्याच्या सुमारास वसुधाताईंच्या घरच्या कॉम्प्युटरची डिस्क बसली, होतं नव्हतं ते गेलं. मी हळहळले तर त्याच माझी समजूत घालायला लागल्या. ‘अगं, जाऊ दे. पुस्तकं बोर्डावर आहेत ना? नीलाकडे आहेत म्हणजे लॉकरमध्ये आहेत.’

तेवढ्यात खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली. नोएडात तेव्हा रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि आमच्या साहेबांना आपण मागे पडतो की काय अशी धास्ती. ते म्हणाले, ‘नीलाजी, बोर्ड-वोर्ड बंद. नया साल, नई वेबसाइट.’ फोन लाइनी इंटरनेटच्या गिऱ्हाइकांना द्यायच्या, बोर्डावरच्या सगळ्या फाइली नव्या सर्व्हरवर हलवायच्या, जुन्या मशीनची डिस्क पुसून ते रिसेप्शनला द्यायचं. हे सगळं डिसेंबरअखेर.

आता माझी चूक सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. फाइल पाठवायच्या दोन रीती होत्या. एक मजकुराची आणि एक जशीच्या तशी. मजकुराच्या रीतीत यंत्र वाटेत शहाणपणा करतं. जुन्या मशीनवर ओळ संपली हे सांगायला दोन खुणा लागत, नव्या सर्व्हरला एकच पुरे. मग दोन खुणा शेजारी शेजारी दिसल्या की ते पहिली काढून टाकी. पत्राबित्राला काही हरकत नाही. पण झिप फाइलीत त्या दोन खुणा योगायोगाने शेजारी आलेल्या असतात, तिथे ओळबिळ काही संपत नसते. त्यातली एक गेली की फाइल मेली. हे मला माहीत नव्हतं का? बिल्कुल माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवायचे.

काम सुरू करताना मी ‘जशीच्या तशी’ अशी आज्ञा दिली. पहिल्या दहा फाइली उघडून तपासल्या, ठणठणीत. मग बाकीचं काम मीच लिहिलेल्या आज्ञावलीवर सोडलं. लाइन तुटली तर तिने पुन्हा नंबर लावावा आणि पुढची फाइल घ्यावी, अशी सोय करून ठेवली होती. लाइन तुटली. तिने इमानेइतबारे पुन्हा जोडली. पण दर नव्या जोडणीला मजकुराची रीत आपोआप परत येते, ‘जशीच्या तशी’ हे पुन्हा सांगावं लागतं, आणि ते मी आज्ञावलीत घालायला विसरले होते. एका शब्दाचं काम होतं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या फाइली मोजल्या, संख्या जुळली, मी साहेबांना ‘हो गया’ म्हटलं. दुपारपर्यंत जुनी डिस्क पुसून झाली होती.

जानेवारीत संक्रांतीला आमच्या मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी. दिल्लीतली मराठी माणसं वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत, पण या बसला सगळी हजर. वसुधाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाटेतलं मुरथल गाव मागे पडलं तशा त्या म्हणाल्या, ‘नीला, संस्थेचा फोन होता. मशीन सुरू झालंय, पण इतिहासाच्या फाइली उघडत नाहीत म्हणे.’

‘त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असेल.’

‘नागरिकशास्त्र उघडतंय म्हणाले.’

‘मग उतरवताना लाइन खराब असेल. ताई, मी रोज हेच करते ना? त्यांना म्हणावं, नीट उतरवून घ्या.’

नागरिकशास्त्र त्या पहिल्या दहा फाइलींत होतं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी डोकं लावलंच नव्हतं. वर त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून ‘गोड बोला’ म्हटलं!

तीन आठवडे असेच गेले. मग एक दिवस दुपारी ऑफिसच्या दारात एक उंच, ताठ माणूस येऊन उभा राहिला. अंगावर घरचा स्वेटर, पण बूट फौजी.

‘बाई, आत येऊ का? मी हवालदार शिंदे. कँटोन्मेंटातनं आलोय. परांजपे बाईंनी पत्ता दिला.’ परांजपे बाई म्हणजे वसुधाताई.

मी खुर्ची दिली. बसले नाहीत.

‘आमची थोरली, रेखा. जन्मापासनं दिसत न्हाई तिला. बारावीला बसलीया. बाकीच्या विषयांची पुस्तकं मिळाली, इतिहासाचं तेवढं मिळंना. मार्चात पेपर हाय.’ त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी काढली. ‘संस्थेतनं ह्यात भरून आणल्यात फाइली. तीन ठिकाणी दाखवून आलो. समदे म्हणत्यात, फाइलच खराब हाय.’

‘शक्यच नाही,’ असं म्हणतच मी फ्लॉपी घातली. जुन्या बोर्डावरच्या फाइलींची छापील यादी माझ्या खणात होती, प्रत्येक फाइलीपुढे तिचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत दिलेला. पडद्यावरचा आकार पाहिला, यादीतला पाहिला. एका बाइटचा फरक. दुसरी फाइल पाहिली. दोन बाइट कमी. मी महिनाभर ज्या लोकांना बिनडोक म्हणत होते त्यांच्यात एकच बिनडोक होती, आणि ती या खुर्चीवर बसली होती.

बॅकअप होता, चौदा फ्लॉप्यांचा. धावत जाऊन काढला. सहावी वाचली जाईना, आणि त्या प्रकारात एक गेली की पुढच्या सगळ्या गेल्या. इतिहास सहावीच्या पुढे होता.

परत येऊन मी म्हटलं, ‘हवालदारसाहेब, चूक माझी आहे. फाइली माझ्या हातून बिघडल्यात.’

‘मग दुरुस्त बी तुमीच कराल,’ ते म्हणाले. रागावून नाही, एखाद्याला ड्यूटी लावून द्यावी तसं म्हणाले. मग सलाम करून निघून गेले.

मी चिडकी आहे तशी हट्टीही आहे. त्याच दिवशी कागद-पेन घेऊन बसले. फाइलीतून खुणा गेल्या होत्या खऱ्या, पण किती गेल्या हे यादीवरून कळत होतं. गेलेल्या खुणेच्या शेजारची दुसरी खूण अजून जागेवर होती. म्हणजे एका फाइलीत अशा साधारण पाचशे जागा, त्यातल्या एखाद-दुसऱ्या जागीच काहीतरी हरवलेलं. एकेका जागी हरवलेली खूण घालून बघायची. बरोबर जागा लागली की नाही हे झिप स्वतः सांगते, कारण तिच्या पोटात सगळ्या मजकुराचा एक ताळा लिहिलेला असतो. तो जुळला की फाइल जिवंत. यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आज कुणी म्हणेल, याहून शहाणी रीत होती. असेल बाबा. मला तेव्हा हीच सुचली.

नवांपैकी तीन भाग नशिबाने धडके निघाले. चार भागांत एकेक खूण गेली होती, ते चहा पिऊन होईपर्यंत दुरुस्त झाले. एका भागातून दोन गेल्या होत्या, म्हणजे दोन-दोन जागांच्या जोड्या लावायच्या, लाखाच्या वर. त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तर पडद्यावर ‘जुळलं’ अशी माझीच अक्षरं चमकत होती. मी टाळ्या वाजवल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले, ‘क्या हुआ, इंडिया जीत गया?’

आठ भाग संस्थेत छापून रेखाच्या हातात पडले. उरला नववा. तो सगळ्यांत जाड, आणि त्यातून चार खुणा गेलेल्या. चार जागा एकदम शोधायच्या म्हणजे किती जुळण्या, हे मी कागदावर मांडलं. मशीन न थांबता शंभरावर वर्षं चालवावं लागलं असतं.

पण दुसरा रस्ता होता. बोर्डावरून कोणती फाइल कुणी उतरवली याची नोंद राहायची. ती साध्या मजकुराची फाइल, म्हणून मजकुराच्या रीतीतून सुखरूप पोचलेली. त्यात पाहिलं तर नववा भाग दोनच जणांनी उतरवला होता. एक विद्यार्थी होता, तो अमेरिकेला गेला होता, घरचा फोन बंद. दुसरं नाव वाचून मी नोंद मिटून टाकली. सबरवाल.

सबरवालजी करोल बागेतले मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारी. गेम्सचं भारी वेड. एक चढवा, तीन उतरवा या नियमावर त्यांनी नामी तोड काढली होती. वसुधाताईंची पुस्तकं फुकट उतरवायची, त्यांना गेमचं नाव द्यायचं आणि नवीन फाइल म्हणून परत चढवायची. एका सदस्याने ‘कार रेस’ म्हणून उतरवलं आणि आत टिंबांची रांगोळी निघाली, तेव्हा हे उघडकीला आलं. मी त्यांचं सदस्यत्व काढलं, त्यांनी चढवलेलं सगळं पुसलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी बोर्डाच्या पहिल्याच पडद्यावर, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, त्यांचं नाव घालून मोठ्या अक्षरांत ‘चोर’ लिहिलं. दोन महिने ते तसंच होतं. ते फोन करून ‘मैडम, हटा दीजिए’ म्हणाले, तर मी फोन आपटला होता.

त्यांच्यापुढे जाऊन उभी राहू? छे! त्यापेक्षा मी मशीन चालू ठेवलं. शंभर वर्षं लागतील असं मीच मांडलेलं गणित, आणि मीच मनाला सांगत होते, नशिबाने लवकर सापडेल. वसुधाताई म्हणाल्या, ‘मी पुन्हा टाइप करायला घेते. महिना आहे, होईल कदाचित.’ मी म्हटलं, ‘काही गरज नाही, मी देते.’ दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, ‘दुसऱ्या कुणाकडे प्रत नाही का गं?’ मी सरळ ‘नाही’ म्हटलं. हे वाक्य मला आजही बोचतं. फाइली बिघडल्या ती चूक होती. हे खोटं होतं.

हवालदारसाहेब चार दिवसाआड फोन करायचे. ‘नववा कुठवर?’

‘चालू आहे.’

‘बरं.’ बस्स, एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

इतिहासाचा पेपर सोमवारी होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी माझा हट्ट मोडला. ऑफिस अर्ध्यावर टाकून मी करोल बागेत गेले, वाटेत मनात दहा वेळा वाक्यं जुळवली. दुकानाला कुलूप. शेजारच्या सीटकव्हरवाल्याने सांगितलं, ‘सबरवालजी तो परिवार के साथ वैष्णोदेवी गए. बुधवार तक आएँगे.’ मी तिथेच पायरीवर बसले. रडूच आलं. माणसं वळून बघत होती, बघू देत म्हटलं.

तिथून थेट वसुधाताईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, नोंदीचं, सबरवालचं, मी बोललेल्या खोट्याचं. त्या मला ओरडल्या नाहीत. कपाटातून इतिहासाचं छापील पुस्तक काढलं, चष्मा पर्समध्ये टाकला. ‘उद्या सकाळी कँटोन्मेंटात जाते. दोन दिवसांत वाचून दाखवते तिला. आठ भाग हातात आहेत, एक ऐकून करेल. चलो, आता रडू नकोस.’

त्यांनी शनिवार-रविवार घसा बसेपर्यंत वाचलं. मीही मनाला समजावलं, एक भाग वाचला काय आणि ऐकला काय, मजकूर तोच ना.

सोमवारी पेपर झाला. हवालदारसाहेबांचा फोन आला, बरा गेला म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘बाई, आणि एक. पोरगी इचारतीय, नववा भाग कधी येतोय.’

‘पण पेपर तर झाला.’

‘मी बी त्येच म्हनलो. तर म्हणती, मला पुस्तक पुरं पाहिजे. लई हट्टी हाय.’

मी मशीन बंद केलं. गुरुवारी पुन्हा करोल बागेत गेले. सबरवालजी गल्ल्यावर होते, कपाळाला देवीचा टिळा. मला चेहऱ्याने ओळखत नव्हते, आमची भेट तारेतूनच झालेली. मी नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा आवळला.

‘मैंने आपका नाम लगाकर चोर लिखा था,’ मी म्हटलं. ‘आपने फोन किया तब भी नहीं हटाया. मुझसे बहुत गलत हुआ. माफी माँगने आई हूँ.’

‘फाइलें तो मैंने चढ़ाई थीं,’ ते म्हणाले. ‘वो बात सही है. पर मैडम, मेरी बेटी ने पढ़ा. उसकी सहेलियों ने पढ़ा. स्कूल में उसको बोलते थे.’

‘मैं लिखकर माफी माँगूँगी. सबके सामने.’

‘कहाँ लिखोगी? बोर्ड तो बंद हो गया.’

नव्या वेबसाइटवर त्यांना कोण ओळखत होतं? ज्या दोनशे माणसांनी ते वाचलं होतं, ती आता एका जागी पुन्हा कधीच येणार नव्हती. मी उभीच राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत होती.

मग त्यांनी विचारलं, ‘सिर्फ माफी के लिए तो नहीं आई होंगी.’

मी खरं ते सांगितलं. मुलगी आहे, दिसत नाही, पेपर होऊन गेलाय, तरी शेवटचा भाग मागते आहे, आणि जगात त्याची प्रत असली तर तुमच्याकडेच आहे.

‘परचा हो गया?’ ते म्हणाले. ‘तो पहले आ जातीं, मैडम! मैं मना करता?’

त्यांनी नोकराला हाक मारली नाही, स्वतः स्टूलावर चढले आणि वरच्या फळीवरून स्पार्क प्लगचे दोन खोके उतरवले. आत फ्लॉप्या, शंभर तरी असतील. एकीवरही चिठ्ठी नाही. ‘मैं कुछ नहीं फेंकता. जो पुर्ज़ा आज नहीं बिकता, कल बिकता है. बैठिए, ढूँढ लीजिए.’

दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरसमोर मी अकरा वाजता बसले. गिऱ्हाइक आलं की उठायचं, बिल झालं की पुन्हा बसायचं. क्लचप्लेटा, वायपर, हॉर्न यांच्या गदारोळात मी एकेक फ्लॉपी घालत होते. नावांवरून काही कळायचं नाही, सगळे गेम्स. म्हणून मी आकार बघत गेले, नवव्या भागाचा आकडा मला तोंडपाठ झाला होता. चारच्या सुमाराला, दुसऱ्या खोक्यात, ‘कार रेस दोन’ नावाच्या फाइलीपुढे तो आकडा दिसला, शेवटच्या बाइटपर्यंत. उघडली. उघडली!

‘मिल गई?’ सबरवालजींनी विचारलं.

‘मिल गई.’

‘वैसे गेम बहुत बेकार थी वो,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

संस्थेत दोन दिवसांत छपाई झाली. रविवारी वसुधाताई आणि मी तो गठ्ठा घेऊन कँटोन्मेंटात गेलो. ब्रेलचं पुस्तक भलतंच मोठं असतं, एकच भाग पण दोघींनी मिळून उचलावा लागला. हवालदारसाहेब दारातच उभे होते. रेखा खाटेवर मांडी घालून बसली होती, दोन वेण्या, अंगात शाळेचाच स्वेटर. मी स्वतःची ओळख करून दिली. ‘तुम्ही नीलाताई ना? पापा सारखे फोन करायचे त्या,’ ती म्हणाली. ‘अच्छा झालं आणलंत. द्या ना इकडे.’

तिने गठ्ठा मांडीवर घेतला, पहिलं पान सपाट केलं आणि बोटं ठेवली. बोटं सरसर निघाली. मी आयुष्यभर फाइली पोचवल्या, पण पोचलेली फाइल कुणी वाचताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहत होते. वसुधाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘बघ कशी भराभर वाचते.’ पान उलटलं, दुसरं उलटलं, आठ-दहा पानं गेली. मग बोटं थांबली. मागे गेली, तीच ओळ पुन्हा वाचली.

‘काकू, हे तुम्ही वाचलं नव्हतं.’

‘काय गं?’

‘फाळणीचं. गाड्यांमधून माणसं आली, ते. गावं जाळली, ते. इथे खूप आहे, काकू. दोन-तीन पानं आहे. तुम्ही एकदम पुढे गेलात, संविधानावर.’

वसुधाताईंनी पदर तोंडाला लावला. ‘टाइप केलं होतं गं तेव्हा,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुझ्यासमोर बसून मोठ्याने वाचवेना. म्हटलं, एवढ्यावर काही विचारायचे नाहीत.’

‘विचारलं होतं,’ रेखा म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. ‘पाच मार्कांना. मला वाटलं, पुस्तकाच्या बाहेरचं विचारलंय. मी सोडून दिला.’

हवालदारसाहेब खिडकीकडे बघू लागले. मला राहवेना. ‘रेखा, यात काकूंची काही चूक नाही,’ मी म्हणायला लागले, ‘हा भाग तुला महिन्याआधी मिळायला हवा होता. मी गेले असते तर मिळाला असता. माझ्यामुळे—’

तिने डावा हात वर केला. उजवा कागदावरच होता.

‘आता कुणी बोलू नका ना,’ ती म्हणाली. ‘मला वाचू द्या.’